लेखनिकपदी निवड

रविवार, २७ ऑक्टोबर. सकाळ.

निवड झाली. झाली म्हणजे झालीच!

निवासी लेखन-शिबिर. ८ नोव्हेंबरला, शुक्रवारी जायचं, रविवारी परत. मार्गदर्शक खुद्द बाई. ज्यांची पहिली कादंबरी वाचून विशीत माझी अन्नावरची वासना उडाली होती, त्याच बाई. (आईचं म्हणणं, तेव्हा मला कावीळ झाली होती.)

मेलमध्ये लिहिलंय, आपली ‘लेखनिक’ म्हणून निवड करण्यात येत आहे. लेखनिक! काय भारदस्त शब्द. हल्ली ऊठसूट कोणीही लेखक होतं. लेखनिक व्हायला तपश्चर्या लागते.

हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, लेखनिक म्हणजे परीक्षेत हात मोडलेल्या मुलाचा पेपर लिहून देतो, तो ना? मी नुसता हसलो. हिच्यात इतर बरेच गुण आहेत.

खरं तर शिबिराच्या मुख्य फॉर्मची मुदत उलटून गेली होती. मुदती पाळणं हे कारकुनाचं लक्षण. पण वेबसाइटवर खाली बारीक अक्षरात आणखी एक फॉर्म होता, तो भरला. त्यात हस्ताक्षराचा नमुना मागितला होता. मिनिटाला किती शब्द लिहिता, हेही विचारलं होतं. तेव्हाच ओळखलं, ही मंडळी मुळाशी जाणारी आहेत. इतरांना फी आहे, मला माफ. न मागता मान मिळतो तो असा.

ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे. कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही. पुढेमागे अभ्यासकांच्या हाती लागलीच तर त्रास नको, एवढ्यासाठी अक्षर नीट काढतोय.

सोमवार, २८ ऑक्टोबर

साहेबांना बातमी दिली. म्हणाले, रजा घ्या, पण जायच्या आधी स्टोअरच्या मॅडमचं मानपत्र लिहून ठेवा, त्या रिटायर होतायत.

आवक-जावक विभागात बसतो म्हणून काही लोक मला नुसता शिक्के मारणारा समजतात. पण ऑफिसात गेल्या वीस वर्षांत जो कोणी निवृत्त झाला, तो माझ्या शब्दांत निवृत्त झाला. मॅडमचं एका बैठकीत लिहिलं. ‘कार्यतत्पर, मनमिळाऊ, सदैव हसतमुख.’ मॅडमना हसताना कोणी पाहिलेलं नाही. पण लेखकाने दिसतं त्याच्या पलीकडे जायचं असतं.

बुधवार, ३० ऑक्टोबर

घरात खोलीचा विषय पुन्हा निघाला.

सासरे बाथरूममध्ये घसरून पडले त्याला आता महिना होईल. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. एकटेच राहतात. ही रोज ऑफिस सुटल्यावर दोन बस बदलून तिकडे जाते आणि काळवंडलेल्या चेहऱ्याने परत येते. म्हणते, बाबांना आता इथेच आणू या. आणायला माझी ना नाही. पण आणायचं कुठे? घरात जास्तीची एकच खोली. मागची. आणि तिथे माझी कादंबरी चालू आहे.

अकरा वर्षांचं काम आहे. आता अगदी निर्णायक टप्प्यावर आलंय. (तिसरं प्रकरण.)

मी मार्ग काढला. म्हटलं, निवाडा बाईंवर सोडू. शिबिरात त्यांना पहिलं प्रकरण देतो. त्या म्हणाल्या यात दम आहे, तर खोली माझीच राहील आणि बाबांची सोय मेव्हण्याकडे बघायची. त्या नाही म्हणाल्या, तर मी स्वतःच्या हाताने टेबल बाहेर काढीन. पुन्हा कादंबरीचं नाव काढणार नाही.

ही बरं म्हणाली. वादावादी नाही, डोळ्यांत पाणी नाही, नुसतं बरं. इतकी वर्षं संसार केल्यावर बायकोचा आपल्यावर असा विश्वास असायला भाग्य लागतं. गहिवरून आलं. तिला तसं म्हणणार होतो, पण तिने कुकर लावला होता.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

बॅग भरली. पहिल्या प्रकरणाची फेअर कॉपी केली, हाताने. टाइप केलेल्या कागदात आत्मा नसतो.

शिबिरासाठी संकल्प: कमी बोलायचं. चौथं प्रकरण तिथेच पुरं करायचं. (तिसरं जाता जाता बसमध्ये.) नवोदितांना तोडून बोलायचं नाही. त्यांचं वय शिकायचं आहे.

ही म्हणाली, निवांत जाऊन या, घरची काळजी करू नका. प्रेशरच्या गोळ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवल्यात.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर. संध्याकाळ.

पोचलो. बसमध्ये तिसरं प्रकरण झालं नाही, खिडकीचा खडखडाट होता.

जागा म्हणजे एका विमा कंपनीचं ट्रेनिंग सेंटर. समोर तळं. लांबच लांब कॉरिडॉर, सगळ्या दारांना एकच हिरवट रंग. सभागृहात ‘आकस्मिक मृत्यूचे फायदे’ असा तक्ता लावलाय, तो काढायचा राहिलेला दिसतो.

शिबिरार्थी बारा. एका खोलीत तिघे तिघे कोंबलेत. मला मात्र स्वतंत्र खोली, तीही थेट बाईंच्या शेजारी. मधे दार आहे आणि माझ्या उशाशी एक बेल. बाईंनी त्यांच्याकडचं बटण दाबलं की ती वाजते. संयोजिका तिशीतली, सतत धावपळीत. म्हणाली, बाईंना केव्हाही तुमची गरज लागेल, लांब जाऊ नका. एवढी मोठी लेखिका आणि तिला माझी गरज! खोली लहान आहे, आधी बहुतेक चादरी ठेवायची असावी. पण झरोका आहे.

गळ्यात अडकवायची कार्डं दिली. इतरांची पांढरी, त्यावर ‘शिबिरार्थी’. माझं एकट्याचं पिवळं, त्यावर ‘व्यवस्था’. याचा नेमका अर्थ विचारायचा राहिला. तीन नवी पेनं आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठाही मला एकट्यालाच.

मग गोलात बसून परिचय. माझ्या शेजारी दातांचे डॉक्टर बसले होते. प्रॅक्टिस बंद करून आता प्रेमकथा लिहितात. त्यांनी दहा मिनिटं खाल्ली. त्यांच्यानंतर मी उठून घसा साफ केला, तर संयोजिका म्हणाली, यांना तुम्ही ओळखालच दोन दिवसांत, आणि पुढे गेली. काही माणसांना परिचयाची गरज नसते.

बाईंची भेट झाली. अगदी लहानखुऱ्या. काळा चष्मा. दृष्टी जवळजवळ गेलीच आहे, हे मला माहीत नव्हतं. माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाल्या, भरभर लिहिता ना? मी एकदा बोललेलं पुन्हा सांगत नाही. मी म्हटलं, बाई, मी शब्दाला जागणारा माणूस आहे. त्या म्हणाल्या, जागू नका, उतरवून घ्या.

काय मिस्कील बाई आहे!

शनिवार, ९ नोव्हेंबर. सकाळी, चहाच्या सुट्टीत.

‘वर्णन कसं करावं’ यावर बाई बोलल्या. मी त्यांच्या शेजारी, स्टेजवर. बाकी सगळे खाली. त्या बोलत होत्या, मी लिहीत होतो. हात भरून आलाय.

मग सगळ्यांना तळ्याकाठी पाठवलं. तासभर एकच गोष्ट बघा आणि लिहा. मीही वही घेऊन निघालो. मी दगड हेरून ठेवला होता. संयोजिका मागून धावत आली. बाई हाका मारतायत. तळं परत बघता येईल, बाई परत मिळायच्या नाहीत. गेलो.

बारा जणांनी पहिलं प्रकरण आधीच पाठवून ठेवलंय. वर नाव नाही, फक्त नंबर. मी मोठ्याने वाचायचं, बाई दोन-तीन वाक्यांत अभिप्राय सांगणार, तो मी लिहायचा. उद्या समारोपात सगळे अभिप्राय वाचून दाखवायचे आहेत.

म्हणजे न्यायाधीशांच्या शेजारची खुर्ची. हे पद मला मागून मिळालं नसतं.

नंबर चार दातांच्या डॉक्टरांचं निघालं, पहिल्या पानावरच दाढ आली. बाई म्हणाल्या, लिहा. ‘दात दुखतो ते खरं वाटतं. प्रेम कवळीसारखं वाटतं, झोपताना काढून ठेवता येईल असं. पुढची गोष्ट फक्त दाताची लिहा.’ मी हसलो तर म्हणाल्या, हसू नका, हा माणूस लिहू शकतो.

नंबर नऊ एका मुलीचं. आई तिच्या केसांतला गुंता सोडवतेय, एवढंच. वाचता वाचता मला पुढे काय होतंय याची हुरहूर लागली, पान उलटायला हात आधीच गेला. बाई नुसतं म्हणाल्या, ‘थांबू नका.’ मला वाटलं मला सांगतायत. पण तो अभिप्राय होता.

एक गोष्ट लक्षात आली. गठ्ठ्यात माझं प्रकरण नाही. संयोजिकेला विचारलं. ती गोंधळून म्हणाली, तुमचं? तुमच्याकडून मागवलं नव्हतं ना. ऑफिसातही असंच होतं, महत्त्वाचाच कागद जावक व्हायचा राहतो. काही हरकत नाही. सोय केली. फेअर कॉपीवर वर कोपऱ्यात ‘१३’ घातलं आणि गठ्ठ्यात सगळ्यात खाली सारलं. बाईंच्या मनात शेवटचं तेच राहील.

शनिवार. दुपार.

वाचलं.

सुरुवात इथे उतरवून ठेवतो. ‘ज्याच्या कार्यकुशलतेची, निष्ठेची आणि मनमिळाऊ स्वभावाची कीर्ती दशदिशांत दुमदुमत होती, जो लहानथोरांना सारखाच आपला वाटे, असा तो, पहाटेच्या सुवर्णमय प्रभेत, उठला.’ या ‘उठला’साठी मी दोन महिने घालवलेत.

मग नायकाची आई येते, तिचं वर्णन. मग शेजारी, त्याचं. मग दूधवाला. कोणावर अन्याय केलेला नाही. चौथ्या पानावर बाईंनी विचारलं, अजून कोण कोण यायचंय? मी म्हटलं, नायकाचे गुरुवर्य. त्या म्हणाल्या, येऊ द्या.

संपलं. पंखा फिरत होता. बाई म्हणाल्या, लिहा.

लिहिलं. माझ्याच हाताने, माझ्याच अक्षरात. हात हलला नाही, हे नमूद करतो.

‘यातलं प्रत्येक माणूस रिटायर होत असल्यासारखं वाटतं. मी टाळ्या कधी वाजवायच्या याची वाट बघत राहिले. लेखकाला माणसं दिसत नाहीत, फक्त त्यांच्याबद्दल चांगलं बोलता येतं. त्याने लिहिलं नाही तर कोणाचंच काही अडणार नाही, त्याचंसुद्धा.’

मग म्हणाल्या, झालं ना सगळं? आता जरा पडते.

शनिवार. संध्याकाळचे सहा.

शांतपणे विचार केला.

बाई सकाळपासून ऐकून दमल्या होत्या. तेरावं प्रकरण. पंख्याचा आवाज. शिवाय दुपारच्या सूपमध्ये मीठ जास्त होतं, त्याने माणूस चिडचिडा होतो. ताज्या मनाने ऐकलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, हे मला स्पष्ट दिसतंय. आणि लेखनिकाचं काम नुसते शब्द उतरवायचं नाही. बोलणाऱ्याला जे म्हणायचं होतं पण दमल्यामुळे म्हणता आलं नाही, ते उतरवायचं.

साहेबांच्या पत्रांत मी रोज हेच करतो. त्यांनी कधी तक्रार केलेली नाही.

नंबर तेराचा कागद नव्याने लिहिला. जुना फाडला. फार काही बदललं नाही, सूर तेवढा सावरला. ‘प्रस्तुत लेखन हे एका कार्यकुशल, निष्ठावान व चतुरस्र प्रतिभेचा अविस्मरणीय आविष्कार असून, त्याची कीर्ती दशदिशांत दुमदुमेल यात तिळमात्र शंका नाही.’ बाईंच्या तोंडी शोभेल असं.

हिला फोन केला. म्हटलं, खोलीचं काम झाल्यातच जमा आहे. ती म्हणाली, बरं. गोळी घेतलीत का? म्हटलं, घेतली. (घेतली नव्हती. आता घेतो.)

रविवार, १० नोव्हेंबर. दुपारी, बस स्टँडवर.

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण बस लेट आहे.

समारोप. संयोजिका एकेक अभिप्राय वाचत होती. दातांच्या डॉक्टरांनी आपला ऐकून डोळे पुसले, मग शेजारच्याला म्हणाले, दाताचीच लिहितो आता. ती मुलगी ‘थांबू नका’ ऐकून खाली मान घालून बसली. मी स्टेजवर, बाईंच्या बाजूला. हात मांडीवर ठेवून.

तेरावा वाचून झाल्यावर बाईंनी बोट वर केलं. म्हणाल्या, हे परत वाचा.

परत वाचलं. दुसऱ्यांदा ते जरा लांबलचक वाटलं.

बाई म्हणाल्या, हे मी सांगितलेलं नाही. ‘अविस्मरणीय’ हा शब्द मी कोणाच्या मयतालाही वापरलेला नाही. मग म्हणाल्या, पण हे कोणी लिहिलं ते मी सांगते. ज्याचं प्रकरण, त्यानेच. कार्यकुशल, निष्ठा, दशदिशा, दुमदुमणं. तेच शब्द. आणि तेही त्याच क्रमाने.

संयोजिकेने यादी काढली. यादीत बाराच नावं होती. तिने यादी बघितली, मग माझं पिवळं कार्ड बघितलं. मग एकेक करून सगळ्यांनी बघितलं. दातांचे डॉक्टर हसायला लागले होते, ते मधेच थांबले आणि बुटाकडे बघू लागले. ते हसत राहिले असते तर मला सोपं गेलं असतं.

बाईंनी माझ्याकडे तोंड वळवून विचारलं, तुम्ही का?

मी हो म्हटलं.

मूळ वाक्यं आठवतात का, विचारलं. आठवत होती. म्हणून दाखवा म्हणाल्या. म्हणून दाखवली. एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. शेवटच्या ‘त्याचंसुद्धा’पर्यंत सगळं म्हटलं.

मग त्या जे बोलल्या ते आवाज चढवून नव्हे, समजुतीने बोलल्या. तुम्ही वाचता फार छान. काल बारा जणांचं वाचलंत तेव्हा तुमचा आवाज जागा होता. त्या केसांच्या गुंत्याला तर तुम्ही पान घाईने उलटलंत, मला ऐकू आलं. तेराव्याला मात्र तुम्ही स्वतःच पेंगत होता. मी कंटाळले ते नंतर. तुम्ही आधी कंटाळला होता.

मला लाज वाटली. एवढ्या लोकांत, एवढ्या उजेडात.

जेवायला थांबलो नाही. बॅग भरताना बेल वाजली. गेलो, तर बाईंना पाणी हवं होतं. दिलं.

रविवार. बसमध्ये.

नीट विचार करता एवढं वाईट झालेलं नाही. तुम्ही वाचता फार छान, हे बाईंचे शब्द आहेत. चारचौघांत म्हटलेले. हिला तेवढंच सांगायचं. खोटं काहीच नाही त्यात. मग हळूच सुचवायचं की बाईंनी काही दुरुस्त्या सांगितल्यात, एक महिना द्या. फार तर दीड. बाबांना तोवर हॉलमध्ये झोपवता येईल. दिवाणावर. पंख्याखाली.

दोनदा मनात म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा मलाच पटलं.

रविवार. घरी. दिवेलागणीला.

दार उघडल्याबरोबर पॅसेजमध्ये माझं टेबल. त्याच्यावर इस्त्री आणि इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग.

मागच्या खोलीत सासरे झोपले होते. पलंग, कमोडची खुर्ची, पाण्याचा तांब्या, खिडकीला नवा पडदा. हे सगळं आजचं नव्हतं. हिने सांगितलं, शुक्रवारी तुम्ही बसमध्ये बसलात आणि दादा टेम्पो घेऊन आला. दादा म्हणजे मेव्हणा. पडदाही त्यानेच लावला. कादंबरी कपाटावर ठेवली आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, धूळ बसू नये म्हणून.

मी म्हटलं, अगं, निदान बाई काय म्हणाल्या ते तरी ऐकायचंस. आपलं ठरलं होतं.

ती चादरीची घडी घालत होती. घडी तशीच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, तुम्ही ते खरंच धरून चालला होतात? मला वाटलं, तुम्हालाही माहीत आहे. टेबल डोळ्यांदेखत बाहेर काढलेलं तुम्हाला बघवलं नसतं, म्हणून म्हटलं जाऊन या शिबिराला, तेवढ्यात उरकून घेऊ.

चिडून म्हणाली असती तर भांडलो असतो. मऊपणे म्हणाली. अकरा वर्षं तिला माहीत होतं आणि अकरा वर्षं ती बाहेरून दार ओढून घेत होती, मला डिस्टर्ब नको म्हणून.

मग विचारलं तिने, मी हातपाय धूत असताना. काय म्हणाल्या बाई?

मी म्हटलं, चांगलं बोलल्या.

ती म्हणाली, बरं झालं. टॉवेल दिला.

सोमवार, ११ नोव्हेंबर. सकाळ.

ऑफिसला निघण्यापूर्वी सासऱ्यांना चहा नेऊन दिला. रात्री झोप लागली म्हणाले, बऱ्याच दिवसांनी. मग ओशाळून इकडेतिकडे बघत हिला विचारलं, या खोलीत आधी काय होतं गं? माझ्यामुळे कोणाची अडचण तर नाही ना झाली?

ही म्हणाली, छे हो बाबा, रिकामीच होती.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं.